अब्बांचा हात, अब्बांचे ओठ

2019 चा रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. पहिला रोजा 7 मे रोजी होता आणि ईद 5 जूनला झाली. मनमाडकरांना वेगळे सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या गावात रेल्वेगाड्या भरपूर आणि पाणी कमी. तेव्हा उन्हाळ्यात नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी पाणी यायचे. त्यामुळे आमच्या घरात वुजूसुद्धा तांब्याभर पाण्यात करायची सवय लहानपणापासून आहे. एक जण ओतणार, दुसरा वुजू करणार. ही सवय इथे मुद्दाम सांगतो आहोत, कारण अब्बांच्या आजाराचा एक धागा त्या तांब्यापाशीच होता आणि तो आमच्या हाती लागला नाही.

आम्ही म्हणजे अम्मी, आम्ही दोघे भाऊ, धाकटी बहीण आणि थोरल्याची बायको. हे लिहिताना पाचही जण एकत्र बसलो आहोत. एकट्याने लिहिले असते तर प्रत्येकाने आपल्यापुरतीच गोष्ट सांगितली असती, आणि त्या रमजानात आम्ही नेमके तेच केले होते.

अब्बांना गावात सगळे मास्टर म्हणतात. स्टेशनकडून गावात येताना त्यांचे शिवणकामाचे छोटे दुकान लागते. दोन मशिनी, एक फळी, भिंतीला टांगलेले आरसा आणि कॅलेंडर. रमजानचे शेवटचे दहा दिवस म्हणजे शिंप्याची सुगी. कुर्ते, पायजमे, पठाणी, लहान मुलांचे जोड, सगळे ईदच्या आदल्या रात्रीपर्यंत हवे असते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटते की आपलाच कपडा पहिला. अब्बा तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. टाचण्या ओठांत धरून ते बोलायचे, म्हणून त्यांचे अर्धे शब्द टाचण्यांच्या फटीतून यायचे आणि आम्हा मुलांना ते बरोबर समजायचे. दोऱ्याचे टोक ओठांत ओले करायचे, अंगठा आणि तर्जनीत पिळायचे आणि न बघता सुईत घालायचे. इतर दिवसांत. रोजा असला की दोरा पाण्याच्या वाटीत बुडवायचे.

एकविसाव्या रोजाला जोहरनंतर ते दुकानातच फळीवर पंधरा मिनिटे आडवे झाले. उठले तेव्हा उजवा हात बधिर होता. धाकटा भाऊ काज-बटणाला बसला होता. त्याला म्हणाले, "हाथ सो गया रे." अंगठा आणि बोटे जास्त, मनगटाच्या वर काही नाही. धाकट्याने थोडा वेळ हात चोळून दिला. हात काम करत होता. कात्री धरता येत होती, मशीन चालत होती. विषय संपला.

त्याच संध्याकाळी इफ्तारला सरबत पिताना त्यांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून दोन थेंब दाढीत ओघळले. अम्मीने पाहिले आणि ओढणीच्या टोकाने पुसले. उजवीकडची खालची दाढ त्यांना महिनाभर त्रास देत होती. अम्मीला वाटले, दाढेमुळे तोंड नीट मिटत नसेल. अब्बा म्हणाले, "होंठ मोटा लग रहा है." ओठ सुजल्यासारखा वाटतो, पण आरशात सूज दिसत नाही. अम्मीने लवंग दिली.

आणि इशाच्या वेळी बहीण वुजूला पाणी ओतत होती. डावा हात धुताना अब्बा म्हणाले, पाणी छान गार आहे. उजव्या हातावर तेच पाणी ओतले तर म्हणाले, हे कोमट कुठून आले? बहिणीला हसू आले. तांब्या तोच होता.

म्हणजे पहिल्याच दिवशी सगळे आमच्या घरात हजर होते. हात धाकट्याकडे, ओठ अम्मीकडे, पाणी बहिणीकडे. एकाच दस्तरखानावर बसून जेवणारी माणसे आम्ही. पण हाताचा ओठाशी काही संबंध असेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते, म्हणून कोणी कोणाला काही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी थोरल्याला हाताचे कळले. त्याने मोबाइलवर लकव्याची चाचणी पाहिली होती. त्याने अब्बांना हसायला सांगितले, चेहरा सरळ. दोन्ही हात वर करायला सांगितले, दोन्ही सारखे वर गेले. एक वाक्य बोलायला सांगितले, तर अब्बांनी त्यालाच सुनावले, "दुकान तेरा बाप संभालेगा क्या?" उच्चार स्वच्छ. आम्ही निर्धास्त झालो. ती चाचणी चांगली आहे, ती प्रत्येक घरात माहीत असायलाच हवी. पण ती ताकद आणि बोलणे तपासते. संवेदना तिच्या चाळणीतून निसटू शकते, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

तेविसाव्या रोजाला अब्बांना एका डॉक्टरांकडे नेले. तिथेही फक्त हाताचे सांगितले. आयुष्यभर मान वाकवून शिवणकाम, वय साठीपुढे, अंगठा-तर्जनीत मुंग्या. डॉक्टरांनी मानेचा मणका किंवा मनगटातली दबलेली नस असे निदान केले आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. आम्ही त्यांना दोष देत नाही. आम्ही अर्धी हकीकत सांगितली, त्यांनी अर्ध्याचे उत्तर दिले. पण त्यांनी ब्लडप्रेशर पाहिले असते तर बरे झाले असते, एवढे मात्र आजही वाटते.

चोविसाव्या रोजाच्या दुपारी अब्बा एका पांढऱ्या कुर्त्याच्या गळपट्टीला हाताने टाके घालत होते. धाकट्याचे लक्ष गेले तर कापडावर लाल ठिपके. सुई तर्जनीत शिरली होती, चांगली पेरभर, आणि अब्बा टाका ओढतच होते. त्यांना कळलेच नव्हते. धाकट्याने हात धरला तेव्हा त्यांनी आधी कापडाकडे पाहिले, मग बोटाकडे. म्हणाले, "ये किसका खून है?"

त्या रात्री तरावीहनंतर घरात पहिल्यांदा मोठ्याने चर्चा झाली. तरीही हाताचीच.

दुसऱ्या दिवशी जुमातुल विदा. नमाजच्या आधी मोहल्ल्यातले डॉक्टरसाहेब आपल्या मुलाचा कुर्ता न्यायला दुकानात आले. मालेगावला मन्सुऱ्यातल्या तिब्बिया कॉलेजात शिकलेले, जुन्या वळणाचे. मोहल्ला त्यांना हकीमसाहेब म्हणतो. अब्बांच्या बोटाची पट्टी पाहून त्यांनी विचारले. अब्बांनी हाताचे सांगितले. हकीमसाहेब कुर्त्याची घडी घालता घालता म्हणाले, "मास्टर, आणखी कुठे?"

आणखी कुठे? हे दोन शब्द आम्हाला कोणी विचारले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. अब्बा जरा थांबले आणि म्हणाले, बाकी काही नाही, हा ओठाचा कोपरा जरा जाड वाटतो, पण ते दाढेचे आहे.

"कोणत्या बाजूचा?"

"याच."

हकीमसाहेबांनी कुर्ता खाली ठेवला. शेजारच्या मेडिकलमधून यंत्र मागवून ब्लडप्रेशर घेतले. वरचा आकडा 190 च्या पुढे होता. ते म्हणाले, हे दाढेचेही नाही आणि मानेचेही नाही. मान दुखावली तर हात बधिर होईल, ओठ कसा होईल? ओठाची नस मानेतून जातच नाही. हात आणि ओठ जिथे शेजारी-शेजारी असतात अशी जागा एकच, डोक्यात. आजच्या आज नाशिकला जा.

मग त्यांनी जालीनूसची, म्हणजे ग्रीक हकीम गॅलनची, एक हकीकत सांगितली. पौसानियस नावाच्या एका विद्वानाची दोन-अडीच बोटे बधिर झाली होती. वैद्य महिनाभर बोटांना लेप लावत होते. जालीनूसने विचारले, मध्यंतरी कुठे पडला होता का? तो गाडीतून पडला होता आणि पाठीला वर, मानेजवळ मार बसला होता. जालीनूसने बोटे सोडली आणि त्या जागेवर इलाज केला. "दुखणे जिथे कळते तिथेच असते असे नाही," हकीमसाहेब म्हणाले. "तुमचे तर मानेच्याही वर आहे."

लिहायला लाज वाटते, पण आम्ही त्या दिवशी गेलो नाही. अब्बा म्हणाले, जुमातुल विदा आहे, नमाज पढल्याशिवाय नाही. नमाजनंतर म्हणाले, चौदा कपडे द्यायचे आहेत. हकीमसाहेबांनी दुपारी पुन्हा येऊन डोळे वटारले तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ठरले. अब्बांनी रोजाही ठेवायचा हट्ट धरला. कुरआनने आजाऱ्याला सवलत दिली आहे, राहिलेले रोजे पुढे भरून काढता येतात, हे सूरह बकराच्या 185 व्या आयतीत आहे आणि ते अब्बांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. शेवटी अम्मी म्हणाली, "अल्लाहने दिलेली सवलत नाकारणे हा काय तक्वा झाला?" त्यावर त्यांनी सहरीनंतर पाणी आणि चहा घेतला, कोणाकडे न बघता.

मनमाडहून नाशिकरोड रेल्वेने तासाभराचा रस्ता. पहाटेच्या गाडीत अब्बा खिडकीशी बसले होते आणि उजव्या हाताची बोटे एकेक करून डाव्या हाताने दाबून पाहत होते.

नाशिकच्या एका रुग्णालयात आधी सीटी स्कॅन झाला, तो नॉर्मल आला. आमचे चेहरे उजळले. मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आनंद करू नका. सीटीने एवढेच कळले की रक्तस्राव नाही. बारीक रक्तवाहिनी बंद झाली असेल तर सीटीत ती बरेचदा दिसत नाही. एमआरआयमध्ये ती दिसली. डाव्या बाजूला, मेंदूच्या पार आत, थॅलॅमस नावाच्या भागात डाळीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

अम्मीने विचारले, उजव्या हाताचे दुखणे, मग ठिपका डावीकडे कसा? डॉक्टरीणबाईंनी कागद घेतला आणि आम्हाला अर्धा तास दिला. सरकारी असो वा खासगी, एवढा वेळ कोणी देत नाही, म्हणून त्यांची आठवण काढतो. त्यांनी सांगितले ते आमच्या शब्दांत असे.

अंगाच्या उजव्या बाजूच्या स्पर्शाच्या बातम्या वर जाताना बाजू बदलतात आणि डाव्या मेंदूत पोहोचतात. वाटेत थॅलॅमस हे जंक्शन लागते. जंक्शन म्हटल्यावर मनमाडच्या माणसाला अधिक सांगावे लागत नाही. सगळ्या अंगाकडून आलेल्या गाड्या तिथे येतात आणि पुढे मेंदूच्या सालीकडे रवाना होतात. प्रत्येकीचा फलाट ठरलेला असतो. हाताचा फलाट आणि चेहऱ्याचा फलाट अगदी लागून आहेत. त्या दोन फलाटांच्या मधल्या जागेला रक्त पुरवणारी केसासारखी वाहिनी बंद झाली की दोन्हीकडच्या काही गाड्या एकदम अडकतात, आणि बाकी स्टेशन सुरळीत चालते. म्हणून पाय ठीक, बोलणे ठीक, ताकद ठीक, आणि फक्त हात व ओठाचा कोपरा बधिर.

मेंदूच्या सालीवरही हीच शेजारदारी आहे. कॅनडात माँट्रियल इथे वाइल्डर पेनफिल्ड नावाचे शल्यचिकित्सक रुग्ण जागा ठेवून मेंदूची शस्त्रक्रिया करत. मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य वीजप्रवाह लावून ते विचारत, कुठे जाणवले? या कामातून त्यांनी आणि बोल्ड्रे या सहकाऱ्याने 1937 साली मेंदूवरचा अंगाचा नकाशा मांडला. त्या नकाशात पाठ, पोट, मांड्या यांना जागा थोडी. हात, विशेषतः अंगठा, आणि ओठ व जीभ यांना मात्र जहागीर दिल्यासारखी मोठी जागा, कारण स्पर्शाचे बारीक काम तेच करतात. आणि अंगठ्याला लागूनच चेहरा. हडबीची शेंडी आमच्याकडे गाडीतून दिसते, अंगठा वर केल्यासारखा तो सुळका. आता तो दिसला की धाकटा म्हणतो, बघा, अब्बांच्या डोक्यातला अंगठा, फक्त बाजूला ओठ हवे होते.

ही शेजारदारी किती खरी आहे ते 1992 च्या सुमारास व्ही. एस. रामचंद्रन या मूळच्या तमिळनाडूतल्या शास्त्रज्ञाने दाखवले. हात गमावलेल्या तरुणाच्या गालावर त्यांनी कापसाचा बोळा फिरवला, तर त्याला गालासोबत नसलेल्या हाताच्या बोटांनाही स्पर्श झाल्यासारखे वाटले. हाताचे फलाट रिकामे पडले आणि शेजारच्या चेहऱ्याने तिथे पथारी पसरली असे काहीसे.

हात आणि तोंडाच्या या एकत्र बधिरपणाचे वर्णन प्रागच्या सिटिग नावाच्या डॉक्टरांनी 1914 सालीच केले होते. त्याला कायरो-ओरल सिंड्रोम म्हणतात. ग्रीक भाषेत हाताला जो शब्द आहे त्यावरून कायरो. स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर हात पाहण्याचे कीरोचे पुस्तक मिळायचे, त्या आयरिश गृहस्थाने आपले टोपणनाव त्याच शब्दावरून घेतले होते. हातावरून भविष्य सांगणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही. पण हातावरून मेंदूचे वर्तमान सांगणाऱ्यांवर ठेवायला हवा होता, असे थोरली सून म्हणते. हा बिघाड थॅलॅमसमध्ये, मेंदूच्या सालीत किंवा मेंदूच्या देठात, कुठेही झाला तरी असेच घडू शकते. कुठे झाला हे बाहेरून सांगता येत नाही, त्यासाठी तपासणी लागते.

शब्दांवरून आठवले. आपण सरसकट सगळ्याला लकवा म्हणतो. हकीमसाहेबांनी नंतर सांगितले की अरबी वैद्यकात लक्वा म्हणजे फक्त तोंड वाकडे होणे, अर्धे अंग गेले तर फालिज, आणि संवेदना गेली तर खदर. इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वी अल-कानूनमध्ये या तिन्हींवर वेगवेगळे लिहिले आहे. आपल्याकडे लकवा आला, तोही अर्थ बदलून, फालिज थोडाफार आला, आणि खदर वाटेतच राहिला. म्हणून अंग वाकडे झाल्याशिवाय आपल्याला आजार दिसत नाही. बधिरपणाला आपल्याकडे 'मुंग्या आल्या' म्हणतात आणि मुंग्यांना कोण घाबरतो?

डॉक्टरीणबाईंनी विचारले, लक्षण सुरू होऊन किती वेळ झाला? आम्ही म्हणालो, पाच दिवस. त्यांनी पेन खाली ठेवले. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. इतक्या लहान बिघाडाला ते दिलेच असते असे नाही, त्या म्हणाल्या, पण ते ठरवायची संधी तरी मिळाली असती. आणि अशी लहान खूण कधीकधी मोठ्या झटक्याच्या आधीची सूचना असते. पाच दिवसांत काहीही होऊ शकले असते. मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी केली, ती सुदैवाने चांगली निघाली.

मग त्यांनी ब्लडप्रेशरच्या गोळीचे विचारले. अब्बा दोन वर्षांपासून रोज सकाळी न्याहारीनंतर एक गोळी घेत. अम्मी म्हणाली, घेतात ना. अब्बा गप्प. रमजानात न्याहारी नाही, म्हणून गोळी नाही. इतके साधे. घरी आल्यावर त्यांच्या कोटाच्या खिशात पट्टी सापडली, दहाच्या दहा गोळ्या जागेवर. ती सहरीला किंवा इफ्तारनंतर घेता आली असती, रमजानच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारले असते तर त्यांनी वेळ बदलून दिली असती. सेवया कोणत्या दुकानातून आणायच्या यावर आमच्या घरात आठवडाभर चर्चा होते. गोळीचा विषय एकदाही निघाला नव्हता.

सत्ताविसावी रात्र अब्बांनी रुग्णालयाच्या खाटेवर काढली. रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली होती. रात्री ते तस्बीह फिरवत होते. थोड्या वेळाने ती त्यांनी डाव्या हातात घेतली. उजव्या हाताला मणी कळत नव्हते, कोणता सरकला आणि कोणता राहिला.

ईदच्या आदल्या दिवशी घरी आलो. राहिलेले कपडे शेजारच्या दोन दुकानदारांनी वाटून घेऊन शिवले होते आणि मजुरीचे पैसे धाकट्याच्या हातात ठेवले. रक्ताचे ठिपके पडलेला कुर्ता अम्मीने मिठाच्या पाण्यात घालून पाहिला, डाग गेले नाहीत. गिऱ्हाइकाला कापडाचे पैसे परत दिले.

पुढचे दिवस दिसायला सोपे आणि जगायला अवघड होते. अब्बा धडधाकट दिसत. भेटायला येणारे म्हणत, अल्हम्दुलिल्लाह, काहीच झाले नाही. आणि त्याच दिवशी चहाच्या गरम पेल्याने त्यांच्या बोटाला फोड आलेला असायचा. जेवताना उजव्या गालात घास राहून जायचा आणि त्यांना पत्ता नसायचा. ओठ दाताखाली येऊन चिरायचा. अम्मीने घरातले स्टीलचे पेले बंद केले आणि कानाचे कप आणले. गरम काहीही आधी डाव्या हाताने तपासायचे असा नियम केला.

त्यांना स्वतःला वेगळीच काळजी होती. उजव्या हाताला पाणी लागले की नाही हे कळत नाही, तर वुजू होतो का? चूळ भरताना कोपऱ्यातून पाणी ओघळते, रोजात ते घशात गेले तर? आम्ही म्हणालो मौलानांना विचारा. मौलानांनी शांतपणे सांगितले, पाणी पोहोचणे ही अट आहे, ते जाणवणे ही अट नाही. डोळ्यांनी पाहा, भिजला तर झाला. रोजात चूळ हलकी भरा. अब्बा घरी आले ते हलके होऊन. डॉक्टरांच्या एवढ्या गोळ्यांनी जे झाले नव्हते ते त्या दोन वाक्यांनी झाले, असे अम्मीचे मत आहे. आमचे म्हणणे, दोन्ही लागले.

साधारण दोन महिन्यांनी बधिरपणा कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी आग सुरू झाली. मिरच्या वाटल्यानंतर हात भगभगतो तशी, पण दिवसरात्र. सदऱ्याची बाही लागली तरी कळ जायची. ज्या हाताला सुई कळत नव्हती त्याला आता मलमल टोचत होती. आम्हाला वाटले दुसरा झटका आला. या वेळी मात्र तासाभरात नाशिकची गाडी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवीन काही नाही. थॅलॅमसच्या जखमेनंतर काही रुग्णांना असे होते, फ्रान्सच्या देजेरिन आणि रूसी या डॉक्टरांनी 1906 सालीच हे लिहून ठेवले आहे. साध्या वेदनाशामकांचा त्यावर उपयोग होत नाही, नसांच्या वेदनेवरच्या वेगळ्या गोळ्या हळूहळू वाढवत द्याव्या लागतात. त्यांनी आग निम्म्यावर आली. थंडीत आजही वाढते.

व्यायाम अब्बांनी स्वतःच्या पद्धतीने केला. फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितले होते की तांदूळ, ज्वारी, वाळू अशा वेगवेगळ्या गोष्टींत हात घालायचा, डोळे मिटून वस्तू ओळखायच्या, चुकले की डोळे उघडून पाहायचे आणि पुन्हा हात लावायचा. मेंदूला जुनी शिकवण पुन्हा द्यायची. अब्बांनी ज्वारी बाजूला केली आणि दुकानातून बटणांचा डबा आणि कापडाचे तुकडे मागवले. सुती, टेरीकॉट, लिनन, साटीन. पहिल्या महिन्यात त्यांना सुती आणि साटीनमधला फरक कळेना. चाळीस वर्षे कापड बोटांनी ओळखणारा माणूस डोळे मिटून तुकडा चोळत बसायचा आणि चुकीचे नाव सांगायचा. आम्ही एकदोनदा खोटेच "बरोबर" म्हणालो. त्यांनी डोळे उघडून पाहिले आणि त्या दिवशी आमच्याशी बोलले नाहीत.

वाचकांना घाबरवायचे नाही. प्रत्येक मुंगी मेंदूतून येत नाही. मधुमेह, बी-12 ची कमतरता, मनगटातली दबलेली नस, अशी साधी कारणे कितीतरी जास्त असतात. घाबरून भराभर श्वास घेतल्यावरही मुंग्या येतात, पण त्या बहुतेक वेळा दोन्ही हातांना आणि तोंडाभोवती येतात. इथे तसे नव्हते. अचानक, एकाच बाजूचा हात आणि त्याच बाजूचा ओठ. असे असेल तर माणूस सरळ हसतो आहे, हात वर करतो आहे यावर जाऊ नका, 108 ला फोन करा, आणि डॉक्टरांसमोर रुग्णाला जे सांगावेसे वाटत नाही तेही सांगा, दाढेचे, पाण्याचे, सगळे.

आता अब्बा बेतण्याचे काम करतात, शिवण धाकटा पाहतो. टाचण्या ओठांत धरणे अम्मीने बंद केले आहे. त्यांनी मनगटाला एक चुंबक बांधून घेतले आहे, टाचण्या त्यालाच चिकटवतात. त्यामुळे त्यांचे शब्द आता पूर्ण ऐकू येतात आणि धाकटा म्हणतो, त्यापेक्षा अर्धे बरे होते. रमजानच्या चंद्राच्या आधी गोळ्यांची वेळ डॉक्टरांकडून लिहून आणतो, तो कागद दस्तरखानाजवळच्या भिंतीवर चिकटवतो. सहरीला बहीण खजुरांच्या ताटलीत गोळी ठेवते. अब्बा ती डाव्या हाताने उचलतात, उजव्या तळव्यावर ठेवतात, डोळे मिटतात आणि विचारतात, "है क्या?"

बहीण म्हणते, "आहे."

मग ते तोंडात टाकतात.